धातूवर प्रकाशाचा घाव : एका प्रश्नाचा साठ वर्षांचा इतिहास



घरात अलीकडे सोन्याचा दागिना घेतला असेल तर भिंग घेऊन त्याच्या आतल्या अंगाला बघा. हॉलमार्कच्या खुणेशेजारी सहा अक्षर-अंकांचा एक बारीक क्रमांक दिसेल. २०२१ साली आपल्याकडे ही पद्धत आली आणि २०२३ पासून ती सक्तीची झाली. तो क्रमांक ठशाने ठोकलेला नाही की सुईने कोरलेला नाही, तो प्रकाशाने लिहिलेला आहे. लग्नात द्यायच्या स्टीलच्या भांड्यांवर नाव घालणारा माणूस पूर्वी दुकानाच्या पायरीवर टर्रर्र वाजणारं यंत्र घेऊन बसायचा. आता बऱ्याच ठिकाणी तिथेही लेसरची पेटी आली आहे. भांडं ठेवायचं, नाव टंकायचं, बटण दाबायचं.

यात नवल काय, असं कुणी विचारेल. लेसर तीव्र असतो, त्याने धातू जळतो, झालं. पण थोडं थांबून पाहू. धातू म्हणजे आरसा. सोन्यावर लाल किंवा अवरक्त प्रकाश टाकला तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक भाग तसेच परत फिरतात. जो पदार्थ प्रकाशाला दारातूनच परत पाठवतो त्याच पदार्थावर प्रकाश अक्षर कसं काढतो? आणि तेही असं, की अक्षराच्या शेजारचं सोनं थंडच्या थंड राहतं? आज आपल्याला या प्रश्नाचा इतिहास पाहायचा आहे. आमचं शिक्षण तत्त्वज्ञानातलं. पण ‘अमुक गोष्ट तापली’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय तापलं, हा प्रश्न आमच्याही विषयात फार जुना आहे. त्यामुळे हा प्रांत आम्हाला अगदीच परका नाही.

आधी शब्दाचं बघू. या क्रियेला शास्त्रज्ञ ‘अब्लेशन’ म्हणतात. मूळ लॅटिन, अर्थ ‘वाहून नेणं, काढून नेणं’. हिमनदीचा बर्फ कमी होतो ते अब्लेशन, शल्यविशारद शरीरातली गाठ नष्ट करतो ते अब्लेशन, अवकाशयान परत येताना त्याचं कवच थराथराने जातं तेही अब्लेशन. मराठीत ‘झीज’ म्हणावं तर झीज सावकाश होते, सहाणेवरच्या चंदनासारखी. ‘क्षरण’ म्हणावं तर त्याला गंजाचा वास येतो. इथे जे होतं ते ‘टवका उडणं’ या आपल्या बोलीतल्या शब्दाला जास्त जवळ आहे. आज आपण अब्लेशन हाच शब्द वापरू, पण मनात टवका ठेवू.

आता आरशाचं कोडं. १९०० साली पॉल ड्रूड या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने धातूचं एक चित्र मांडलं : अणूंची जाळी जागच्या जागी आणि तिच्यातून मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन. प्रकाश आला की हे मोकळे इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर डोलतात आणि डोलता डोलता प्रकाश परत फेकतात. म्हणून धातू चमकतो. पण डोलताना ते जाळीवर आपटतातही, आणि त्या आपटण्यात प्रकाशाचा थोडा हिस्सा आत मुरतो. किती आत? दृश्य प्रकाशासाठी जेमतेम दहा-वीस नॅनोमीटर. म्हणजे वर्खाच्या पापुद्र्यापेक्षाही कितीतरी पातळ. तेव्हा हिस्सा लहान खरा, पण तो सगळाच्या सगळा या नखभरही नसलेल्या थरात कोंबला जातो. सूर्यप्रकाशात याने काही बिघडत नाही, कारण उष्णता येते तितक्याच निवांतपणे आत पसरते. प्रकाशच जर अचानक आणि दाट आला तर काय होईल, हे १९६० पर्यंत कुणाला पाहता येत नव्हतं, कारण तसा प्रकाशच नव्हता.

तो आला १६ मे १९६० रोजी. कॅलिफोर्नियात मालिबू इथे ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मैमन यांनी कृत्रिम माणकाची एक छोटी कांडी घेतली, तिच्याभोवती छायाचित्रकाराच्या फ्लॅशसारखा पिळदार दिवा बसवला आणि त्यातून लाल प्रकाशाचा पहिला लेसर-स्पंद काढला. स्पंद म्हणजे इंग्रजीतला पल्स. त्यांचा निबंध एका नामांकित अमेरिकन नियतकालिकाने नाकारला, मग तो ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ‘नेचर’मध्ये आला. त्याआधी जुलैत न्यूयॉर्कला पत्रकार परिषद झाली होती आणि वर्तमानपत्रांनी ‘मृत्युकिरण’ सापडला म्हणून मथळे दिले होते. प्रयोगशाळेतली मंडळी मात्र आपसात वेगळाच विनोद करत होती : उत्तर तयार आहे, आता प्रश्न शोधायचा आहे. मैमन यांचे सहकारी द’हेनेन्स यांच्या नावावर तो सांगितला जातो.

पहिला प्रश्न मिळाला तो दाढीच्या ब्लेडचा. लेसरचा झोत भिंगाने एकवटला की ब्लेडला आरपार भोक पडायचं. मग एकामागे एक ब्लेडं लावायची आणि किती ब्लेडं पार झाली ते मोजायचं. ‘हा लेसर दोन जिलेटचा, तो चार जिलेटचा’ अशी भाषा खरोखर वापरली जायची. (हशा) हसण्यासारखं आहे, पण आम्हाला ते मोजमाप फार आवडतं. कारण दिसत नाही, तर कार्यावरून मोजायचं, हे आपल्या अनुमान-प्रमाणाचं सरळ उदाहरण आहे. धुरावरून अग्नी, तसा भोकावरून प्रकाश. यात एक गृहीत दडलेलं होतं : प्रकाश जितका जोरकस तितकं भोक मोठं. दोनच वर्षांत हे गृहीत कोसळलं.

मैमन यांचा स्पंद साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका चालायचा, तोही एकसंध नाही, अडखळत, ठिपक्याठिपक्यांनी. त्याच ह्यूज प्रयोगशाळेत रॉबर्ट हेलवर्थ यांना कल्पना सुचली की माणकात ऊर्जा साठू द्यायची, प्रकाशाची वाट मुद्दाम अडवून धरायची आणि मग एकदम मोकळी करायची. धरण भरू द्यायचं आणि सगळे दरवाजे एका क्षणात उघडायचे. १९६२ साली मॅक्लंग आणि हेलवर्थ यांनी ते करून दाखवलं. ऊर्जा तेवढीच किंवा कमीच, पण ती आता काही कोट्यंशी सेकंदांत बाहेर पडू लागली. किलोवॉटच्या भाषेतला प्रकाश एकदम मेगावॉटच्या भाषेत गेला. त्याला नावच पडलं ‘महास्पंद’.

हा महास्पंद धातूवर सोडला तेव्हा सगळ्यांची अपेक्षा होती की ब्लेडांची चळतच्या चळत पार होईल. झालं उलटं. डोळे दिपवणारी ठिणगी उडाली, चाबकासारखा कडाड आवाज झाला, आणि पृष्ठभागावर बघावं तर उथळ ओरखडा. ठोसा हजारपट मोठा, खड्डा लहान!

हा विरोधाभास सोडवताना या विषयाचं शास्त्र जन्माला आलं असं आम्ही मानतो. उलगडा दोन पदरी होता. पहिला पदर : लांब स्पंदात धातूला वितळायला, उकळायला आणि स्वतःच्याच वाफेच्या दाबाने वितळलेला रस बाहेर फेकायला सवड मिळते. कढईतल्या उकळत्या पाकासारखं ते उतू जातं. भोक खोल पडतं, पण कडा ओबडधोबड, रस थिजलेला. महास्पंदात ही सवडच नाही. दुसरा पदर जास्त मजेदार आहे. स्पंदाच्या सुरुवातीच्या भागाने जी वाफ उठते ती इतकी तापते की तिच्यातले अणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे होतात, तिचा प्लाझ्मा होतो. हा प्लाझ्मा धातूच्या डोक्यावर छत्रीसारखा उभा राहतो आणि स्पंदाचा उरलेला प्रकाश स्वतःच पिऊन टाकतो. म्हणजे घाव घालणाऱ्याने उडवलेली धूळच पुढचा घाव अडवते. अमेरिकेत जॉन रेडी यांनी १९६३ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने हा वर उठणारा लोट टिपून दाखवला. त्या काळात त्यांनी आणि इतरांनी जी मोजमापं केली त्यांवर पुढची सगळी इमारत उभी आहे.

याच सुमाराला सोव्हिएत संघात अस्कार्यान आणि मोरोझ या दोघांनी लक्ष वेधलं ते धक्क्याकडे. प्रकाश स्वतःही पृष्ठभागावर दाब देतो, पण तो नगण्य. वाफ मात्र प्रचंड वेगाने बाहेर पडते आणि तोफ जशी गोळा सोडताना मागे उसळते तसा धातूवर प्रतिधक्का बसतो. हा दाब प्रकाशाच्या दाबापेक्षा कितीतरी पटींनी मोठा. त्यातून पुढे एक अख्खा उद्योग निघाला. ओहायोतल्या बॅटेल संस्थेत यावर काम झालं आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या बी-१ बॉम्बर विमानाच्या इंजिनातली पाती लेसरच्या ठोशांनी टणक करू लागले. पात्यावर आधी काळा थर लावायचा, वर पाण्याचा पडदा. टवका त्या काळ्या थराचा उडतो, ठोसा धातूला बसतो. लोहार हातोड्याने जे करतो तेच, फक्त हातोडा वाफेचा. या क्षेत्रातला बराचसा पैसा संरक्षणखात्यांकडून आला हे विसरता येत नाही. ‘मृत्युकिरण’ हा मथळा अगदीच हवेतला नव्हता.

आता आपण मुख्य गोष्टीकडे येऊ, ती म्हणजे वेळ. स्पंदाची लांबी डोळ्यांपुढे यावी म्हणून असं करू : स्पंद संपेपर्यंत प्रकाश किती अंतर जातो ते पाहू. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे तीनशे किलोमीटर, मुंबईपासून सरळ रेषेत कोल्हापूर. दहा नॅनोसेकंद म्हणजे तीन मीटर, या व्यासपीठाची रुंदी असेल. आणि शंभर फेम्टोसेकंद म्हणजे केसाची अर्धी जाडी.

उष्णता धातूत किती आत जाते याचा नियम फ्रान्सच्या फूरिये यांच्या १८२२ च्या ग्रंथापासून आपल्या हाताशी आहे. उष्णता वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पसरते. वेळ लाखपट कमी केला तर अंतर लाखपट नव्हे, सुमारे तीनशे पट कमी होतं. तांब्यासाठी हिशोब करू. हजारांश सेकंदात उष्णता मिलिमीटरचा तिसरा हिस्सा आत जाते. दहा नॅनोसेकंदांत एक मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा साठ-सत्तरावा भाग. दागिन्यावरच्या अक्षराशेजारचं सोनं थंड का राहतं याचं उत्तर इथेच आहे. उष्णतेला शेजारी जायला वेळच मिळत नाही. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे फ्लॉरेन्सच्या दरवाज्यापाशी ते परत लागणार आहेत.

आणि शंभर फेम्टोसेकंद? तोच हिशोब केला तर उत्तर येतं तीन नॅनोमीटर, जेमतेम डझनभर अणूंची रांग. प्रकाश स्वतःच त्यापेक्षा जास्त आत शिरलेला असतो! इथे गणित चुकलेलं नाही. इथे ‘तापमान’ हा शब्दच कामातून गेलेला आहे. हे आमच्या मते या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळू.

तापमान म्हणजे काय? एखाद्या गोष्टीतले सगळे घटक आपसात ऊर्जेची देवघेव करून एका तोलावर आले की त्या तोलाला आपण आकडा देतो. तोल येण्यापूर्वी तापमान विचारणं म्हणजे मतमोजणी चालू असताना निकाल विचारण्यासारखं आहे. धातूत प्रकाश पितात ते इलेक्ट्रॉन. ते आपसात फार लवकर तोल साधतात. पण इलेक्ट्रॉन हलका, अणू जड. एका टकरीत इलेक्ट्रॉन अणूला फारच थोडी ऊर्जा देऊ शकतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनांची उष्णता जाळीकडे पोचायला काही पिकोसेकंद लागतात. स्पंद त्यापेक्षा लांब असेल तर हा फरक कळतही नाही. स्पंद त्यापेक्षा आखूड असेल तर काही काळ एकाच जागी, एकाच तांब्यात, दोन तापमानं नांदतात : इलेक्ट्रॉन हजारो अंशांवर, आणि जाळी अजून घरच्या तापमानाला.

हे भाकीत प्रयोगाआधी झालं, ही आम्हाला विशेष मोलाची गोष्ट वाटते. कागानोव्ह, लिफशिट्झ आणि तानातारोव्ह यांनी १९५७ साली, म्हणजे लेसर जन्मण्यापूर्वी, इलेक्ट्रॉन आणि जाळी यांच्यातल्या या देवघेवीचं गणित मांडून ठेवलं होतं. १९७४ साली अनिसिमोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लेसरच्या स्पंदाला लावलं, त्यालाच आज ‘द्वि-तापमान प्रतिमान’ म्हणतात. आणि १९८४ साली अमेरिकेत फुजिमोटो, ब्लोएम्बर्गेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टंगस्टनवर अतिआखूड स्पंद सोडून प्रयोगात त्याचा पुरावा मिळवला. गणित आणि पुरावा यांच्यात सत्तावीस वर्षांचं अंतर!

आता आमच्या विषयातला तो जुना वाद. कच्चं मडकं भट्टीत जातं आणि लाल होऊन बाहेर येतं. लाल काय झालं? वैशेषिक म्हणाले, अग्नीचा परिणाम परमाणूंवर होतो. मडकं भट्टीत परमाणूंपर्यंत विस्कटतं, परमाणू लाल होतात आणि पुन्हा मडकं जुळून येतं. हा पीलुपाक. नैयायिक म्हणाले, तसं असतं तर भट्टीत मडक्यावर रचलेली मडकी कोसळली असती आणि तेच मडकं आपण ओळखलंही नसतं. अग्नी अवयवांच्या फटींतून शिरतो आणि अख्खं मडकंच पिकतं. हा पिठरपाक. वैशेषिकांनी तर या विस्कटण्या-जुळण्याला किती क्षण लागतात त्याचा हिशोब केला : नऊ क्षण, दहा क्षण, अकरा क्षण. त्यांच्या वर्गीकरणात सोनं हे पृथ्वीत मोडत नाही, तेजात मोडतं, हेही जाता जाता सांगायला हवं.

लगेच कुणी टाळ्या वाजवू नयेत. आपल्या पूर्वजांना फेम्टोसेकंद लेसर ठाऊक होता असं आम्ही म्हणत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांशी आमचं पटत नाही. त्यांच्याजवळ मोजमाप नव्हतं. प्रश्न मात्र खरा होता. तापणं ही अख्ख्याची अवस्था आहे की भागांची, आणि भागांची असेल तर कोणत्या क्रमाने? वीस पिकोसेकंदांनंतरच्या तांब्याला विचाराल तर तो नैयायिकांच्या बाजूने साक्ष देईल, अर्ध्या पिकोसेकंदानंतरच्या तांब्याला विचाराल तर तो निदान अख्ख्याच्या बाजूने बोलणार नाही. प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणत्या वेळी विचारता यावर अवलंबून आहे, हे दोन्ही पक्षांना सुचलं नव्हतं.

या अतिआखूड स्पंदांना घावाइतका जोर कसा आणायचा ही मोठी अडचण होती, कारण जोर वाढवला की ते लेसरच्याच भिंगा-काचांना फोडत. १९८५ साली रॉचेस्टरला डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी युक्ती काढली : स्पंद आधी ताणून लांब करायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची, मग परत आखडायचा. २०१८ चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. ते यंत्र हाती आल्यावर १९९६ साली जर्मनीत हॅनोव्हरच्या चिचकोव्ह आणि सहकाऱ्यांनी पोलादाच्या ०.१ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला दोन तऱ्हांनी भोकं पाडून त्यांची छायाचित्रं शेजारीशेजारी छापली. एक भोक ३.३ नॅनोसेकंदांच्या स्पंदांनी, कडेला वितळून थिजलेल्या धातूची गलेलठ्ठ वरंडी. दुसरं २०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदांनी, पंचिंग यंत्राने पाडल्यासारखं स्वच्छ. ही दोन चित्रं या क्षेत्रात इतकी फिरली की त्यांनी एका शब्दाला जन्म दिला, ‘शीत अब्लेशन’. यंत्रं विकणाऱ्यांना तो शब्द फार भावला.

आम्हाला तो शब्द मान्य नाही. जो पदार्थ उडतो तो काही थंड उडत नाही, तो हजारो अंशांवर पोचूनच उडतो. इतका झटकन तापतो की साधं उकळणं मागे पडतं आणि द्रवाचा थर एकदम वाफ नि थेंब यांत फुटतो. थंड राहतो तो शेजारी. त्यातही एक अट आहे. सेकंदाला लाखो स्पंद एकाच जागी सोडले तर प्रत्येकाची उरलेली थोडी थोडी उष्णता साठते आणि शेजारीही तापतो. म्हणजे शीतलता हा लेसरचा गुण नाही, तो वापरण्याच्या लयीचा गुण आहे.

उंबरठ्याचीही अशीच गोष्ट. प्रत्येक धातूला एक उंबरठा असतो, त्याखालच्या स्पंदाने टवका उडत नाही, अशी समजूत होती, पुस्तकांत तक्ते होते. १९८८ साली टेक्सासमध्ये जी, बेकर आणि वॉल्झर यांनी धातूंच्या एकसंध स्फटिकांवर पाहिलं की एका स्पंदाने काहीच न झालेला पृष्ठभाग तेवढ्याच स्पंदाच्या अनेक आवर्तनांनंतर बिघडतो. धातू आठवण ठेवतो. दर स्पंदागणिक त्यात न दिसणारा थोडा विकार साठतो आणि उंबरठा खाली सरकत जातो. कोणत्या दाण्यानंतर रास झाली, या जुन्या कोड्याचं हे धातूतलं रूप.

या इतिहासात पुण्याचाही एक धागा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो. १९८७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात पुणे विद्यापीठातून एक निबंध गेला. पहिलं नाव पाटील यांचं, सहलेखकांत सतीशचंद्र ओगले आणि भिडे. त्यांनी लोखंड पाण्यात ठेवलं आणि पाण्यातून त्यावर माणिक-लेसरचे स्पंद सोडले. पाण्याखाली वाफेला पसरता येत नाही. ती दाबली जाते, पाण्याशी तिथल्या तिथे रासायनिक क्रिया करते आणि क्षणात थिजते. त्यामुळे एरवी टिकली नसती अशी लोखंडाची ऑक्साइडं पृष्ठभागावर पकडली गेली. लोहार तापलेलं लोखंड पाण्यात चरचरवतो ना, तेच, फक्त इथे तापवणं नि विझवणं दोन्ही एका स्पंदात. पाच-सहा वर्षांनी इतरांनी द्रवात सोनं-चांदी ठेवून त्यांचे अतिसूक्ष्म कण बनवायला सुरुवात केली आणि आज द्रवातलं अब्लेशन ही मोठी शाखा आहे. तिचे आढावे लिहिणारे परदेशी लेखक आरंभ म्हणून याच निबंधाकडे बोट दाखवतात. परदेशी यंत्रांच्या तुलनेत तुटपुंजी साधनं होती, पण प्रश्न नेमका होता.

प्लाझ्माची छत्री भोकं पाडणाऱ्याला अडथळा वाटते, रसायनज्ञाला तोच निरोप. तापलेली वाफ ज्या रंगांनी चमकते त्यावरून तिच्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. ब्रेक आणि क्रॉस यांनी हे १९६२ मध्येच दाखवलं होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ने मंगळावरच्या एका दगडावर दहा सेकंदांत तीस स्पंद मारले. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या ‘प्रज्ञान’ने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत याच रीतीने गंधक ओळखलं. ते उपकरण बंगळुरूला इस्रोच्या प्रयोगशाळेत बनलेलं. तिथे धातू नव्हता, माती-दगड होते, म्हणून त्याचा विस्तार करत नाही.

शेवटी फ्लॉरेन्स. लोरेन्झो गिबेर्ती या शिल्पकाराने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं खपून तिथल्या बाप्तिस्मा-मंदिरासाठी ब्राँझचा सोनेरी मुलाम्याचा दरवाजा केला. दहा फलक, बायबलातल्या कथा. ‘स्वर्गद्वार’ हे त्याचं नाव मायकेलअँजेलोने दिलं असं सांगतात. १९६६ च्या नोव्हेंबरात आर्नो नदीला महापूर आला, त्यात काही फलक निखळून पडले. पण खरा रोग पुराआधीपासूनच होता. मुलामा पाऱ्यात सोनं मिसळून चढवलेला, काही मायक्रोमीटर जाडीचा. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल आत जाऊन खालच्या ब्राँझवर क्षार आणि ऑक्साइडं तयार होत होती, ती आतून सोन्याला ढकलत होती आणि वर काळा-हिरवा थर चढत होता. फलक चौकटीतून काढून रसायनात बुडवता येत होते, पण चौकटीतली कित्येक छोटी शिल्पं काढायला गेलं तर तुटण्याची भीती होती. त्यांना जागेवरच स्वच्छ करायला हवं होतं.

लेसरने कलाकृती स्वच्छ करण्याची कल्पना मुळात धातूची नव्हती. १९७२ मध्ये जॉन अ‍ॅस्मस नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ व्हेनिसला ढासळत्या शिल्पांचे होलोग्राम काढायला गेले होते. तिथे त्यांनी माणिक-लेसर संगमरवरावरच्या काजळीवर सोडून पाहिला. काळी काजळी प्रकाश पिऊन उडाली, पांढऱ्या दगडाने प्रकाश परतवला. मळ गेला की क्रिया आपोआप थांबते, इतकं सुंदर! सोन्याच्या बाबतीतही तसंच व्हायला हवं, कारण सोनं तर आरसाच. पण मळाची उष्णता सोन्यात उतरते, तिचं काय? आता मघाचे आकडे आठवा. स्पंद हजारांश सेकंदाचा घेतला तर उष्णता मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जाणार, म्हणजे मुलामा केव्हाच ओलांडून खालच्या ब्राँझमध्ये आणि मधल्या क्षारांमध्ये. ते क्षार तापून फुगले की सोनं सुटलं. दहा-वीस नॅनोसेकंदांचा घेतला तर उष्णता सोन्याच्याच थरात राहणार. फार आखूड आणि फार जोरकस घेतला तर प्लाझ्मा उठणार आणि त्याचा धक्का आधीच सैल झालेल्या मुलाम्याला उखडणार. शिवाय उंबरठा सरकतो, हेही आता माहीत झालेलं, त्यामुळे तक्त्यावर विसंबून एकाच जागी स्पंदांचा मारा करण्याची सोय नाही. फ्लॉरेन्सच्या साल्वातोरे सियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पंदाची लांबी कामानुसार ठरवण्याचा जो आग्रह धरला तो या सगळ्यातून आला. ब्लेडं मोजणाऱ्यांना ताकद महत्त्वाची वाटत होती. इथे हातात धरायची गोष्ट वेळ होती. एकदा उडालेला टवका परत बसवता येत नाही, आणि हा टवका पंधराव्या शतकातला होता.

काम सत्तावीस वर्षं चाललं, गिबेर्तीला घडवायला लागली तितकीच. सप्टेंबर २०१२ पासून दरवाजा तिथल्या कॅथेड्रलच्या संग्रहालयात आहे, मूळ जागी प्रतिकृती आहे. सोनं पुन्हा लखलखतं. मात्र लेसरने काढला तो वरचा थर. मुलाम्याखाली ब्राँझवरचे क्षार बऱ्याच अंशी आहेत तिथेच आहेत, कारण त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही असाच स्पंद निवडला होता. ओल लागली की ते पुन्हा कामाला लागतील. म्हणून दरवाजा हवाबंद काचेच्या पेटीत, नायट्रोजनमध्ये, अगदी कोरड्या वातावरणात ठेवला आहे.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर आता घेऊ.